आधीचं बरं की आताचं?

१

पन्नाशी उलटली, केस विरळ झाले, स्वतःच्याच दुकानात स्वतःसाठी जाड भिंगं बसवायची वेळ आली, तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. थोरला भाऊ असेपर्यंत माणूस धाकटाच राहतो, त्याला इलाज नाही. बाहेर तो चष्मेवाला होता. रस्त्याच्या वळणावर त्याचं अरुंद दुकान होतं. आत एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि दिवसभर त्याच्या तोंडी एकच प्रश्न. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग घालायचं, मग ते काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?"

माणसं या प्रश्नाला घाबरतात. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभराचं वाकडं दिसेल अशी त्यांची समजूत असते. कुणी म्हणे, दोन्ही सारखीच. कुणी उलट त्यालाच विचारी, तुम्हाला कुठलं बरं वाटतं? धाकटा हसून भिंग पुन्हा बदलायचा. घाई नाही, म्हणायचा, नीट बघून सांगा.

त्या दुपारी मात्र घाई त्यालाच होती. त्यानं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, दादाची इलेक्ट्रिक गिटार खांद्याला लावली आणि तो दोन गल्ल्या सोडून, गिटारचा आवाज बदलणारी पेडलं विकणाऱ्या पेडलवाल्याकडे निघाला.

दादा, म्हणजे थोरला भाऊ, त्याच्या घरी खिडकीजवळच्या पलंगावर पडून होता. एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला, तो बसलाच. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. श्वास नीट चालायचा, चमच्यानं भरवलेलं गिळायचा, डोळे अर्धे उघडे असायचे. पण शब्द नाही, ओळख नाही. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचं काहीतरी कानावर पडू द्या, कुठली दोरी धरून माणूस वर येईल ते सांगता येत नाही. वहिनींनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, शेजारच्या घरातली भांडणं सांगितली, एकदा रागावूनही पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग धाकट्यानं कपाटावरची गिटार उतरवली, धूळ पुसली, आवाज मोठा करणाऱ्या आपल्या जुन्या अँपला जोडली आणि पलंगाशी बसून वाजवली. दादाची पापणीही हलली नाही. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"गाणं तेच आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण हा ह्यांचा आवाज नाही. ह्यांच्या गिटारचा घसा कायम बसलेला असायचा."

बाईमाणसाला वाद्यातलं काय कळतं, असं म्हणणारा मूर्ख असतो. धाकट्याला ते वाक्य ऐकताक्षणी पटलं. दादा आयुष्यभर जुन्या रेडिओतून गिटार वाजवायचा. त्या रेडिओला तेवढा आवाज झेपायचा नाही, म्हणून तो घोगरा व्हायचा. रेडिओ तर जुनं घर सोडताना भंगारात गेला होता. आता तो घसा कुठून तरी आणायला हवा होता.

२

पेडलवाला धाकट्याचं जुनं गिऱ्हाईक. तरुणपणी मोठमोठ्या स्पीकरांच्या एकाच बाजूला उभा राहून त्याचा डावा कान गेला होता. लोक एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडून देतात. ह्याच्याकडे सोडायला दुसरा कान नव्हता, त्यामुळे ऐकलेलं सगळं आत साठून राहायचं आणि तो ते पुढच्या माणसाला ऐकवायचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींवर फळ्या, फळ्यांवर साबणाच्या वडीएवढी रंगीत लोखंडी पेडलं. मागच्या बाजूला पडदा, पडद्यामागे एक स्टूल आणि एक अँप. दुकानात डांबरगोळ्यांचा आणि तापलेल्या तारांचा वास होता.

धाकट्यानं हवा तो आवाज सांगायचा प्रयत्न केला. पेडलवाल्यानं हात वर करून त्याला थांबवलं.

"कळलं. ओव्हरड्राइव्ह पाहिजे तुम्हाला," तो म्हणाला. "बारक्या माणसाला कुवतीबाहेर ओरडायला लावलं की त्याचा घसा फाटतो. पूर्वी लोक बारका अँप तसा फाडायचे. आता हे पेडल मधे लावायचं, पायानं कळ दाबायची, की तेच काम होतं. फक्त फाटणं फाटण्यात फरक असतो. बसा."

मग धाकट्याच्या जन्मभराच्या प्रश्नाचं उट्टं निघालं. पेडलवाला एक पेडल लावायचा, धाकटा एक कॉर्ड, म्हणजे तीनचार सूर एकदम, वाजवायचा, पेडलवाला ते काढून दुसरं लावायचा आणि डोळे मिचकावून विचारायचा, "हं, आधीचं बरं की आताचं?" हिरवं पेडल फारच सभ्य निघालं, रुमाल तोंडाशी धरून खोकल्यासारखं. पिवळं नुसतंच कर्कश होतं. एक निळं होतं, ते चांगलं होतं, मान्य करायला हवं, कुणालाही आवडलं असतं. पण ते दादाचं नव्हतं. दोन्ही सारखीच, असं म्हणायची पाळी धाकट्यावर आली, आणि आपली गिऱ्हाइकं तसं का म्हणतात ते त्याला इतक्या वर्षांनी समजलं.

शेवटी त्याचं लक्ष सगळ्यात खालच्या फळीवर गेलं. तिथे मागे एक करडं पेडल होतं. नाव नाही, चित्र नाही, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेला तो परत आलाच नाही, पेडलवाल्यानं सांगितलं. दुरुस्ती अशी काही केलेली नव्हती, पण लावून बघायला हरकत नव्हती.

धाकट्यानं कळ दाबली आणि कॉर्ड वाजवली.

घसा बसलेला होता. तोच, तसाच, शेवटाला किंचित फुटणारा. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्यानं गिटारच्या खुंट्यांकडे बघितल्यासारखं केलं. खुंट्यांकडे बघता बघताच त्याला जाणवलं की सूर खाली आलाय. फार नाही, अर्ध्या सुराहूनही कमी. पायानं कळ बंद केली, सूर जागेवर. चालू केली, पुन्हा खाली.

"सूर उतरतोय," तो म्हणाला.

पेडलवाल्यानं सूर मोजायचं यंत्र तारेला लावलं. काटा मधोमध उभा. त्यानं आपला चांगला कान अँपला लावला, मग तळहात ठेवला. "पेडल आवाज मळवतं, सूर हलवत नाही," तो म्हणाला. "तुमच्या कानाचा नंबर वाढलाय. भिंग बसवून घ्या."

धाकटा हसला. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कारण सूर नुसता उतरला असता तर गोष्ट वेगळी. तो नेमका कुठे उतरून थांबलाय ते धाकट्याला ओळखीचं होतं, आणि त्या सुरात गिटार लावणारी जगात दोनच माणसं होती. पेडलवाला म्हणाला, घरी न्या, वाजवून बघा, मग बोलू. धाकट्यानं पेडल खिशात घातलं.

३

त्या सुराची गोष्ट अशी. जुन्या घराला गच्चीत एक खोली होती, पाण्याच्या टाकीला चिकटून. तिथे दोन खुर्च्या, फडक्यानं झाकलेला रेडिओ आणि एक टेप. टेपचा पट्टा सैल झाला होता, त्यामुळे त्यातली प्रत्येक गोष्ट जरा सावकाश आणि जरा खालच्या सुरात वाजायची. हे दोघांना माहीत नव्हतं. त्यांनी आपली त्या टेपला जुळवून गिटारं लावली, दादानं विजेची, धाकट्यानं साधी लाकडी, आणि त्यांना वाटत राहिलं की जगाचा सूर हाच. पुढे दुसऱ्या पोरांबरोबर वाजवायला गेले तेव्हा सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दादा म्हणाला, त्यांचे सूर चढलेत.

त्यांच्याकडे एकच कॅसेट होती आणि तिच्यातलं एकच गाणं दोघांना वेड लावणारं होतं. ते इतक्या वेळा वाजलं की एके दिवशी टेपनं कॅसेट खाल्ली. दादानं चुरगळलेली फीत ओढून काढली, आईच्या कात्रीनं बोटभर तुकडा कापून टाकला, टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि पेन्सिल घालून सगळं परत गुंडाळलं. गाणं वाजायला लागलं. फक्त तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक ठोका गायब झाला. एक, दोन, तीन, आणि लगेच पुन्हा एक. गाडी खड्ड्यातून जावी तसा गाण्याला तिथे गचका बसायचा.

दोघं गचक्यासकट गाणं शिकले. धाकटा कॉर्ड धरायचा, दादा वर चाल वाजवायचा, आणि गचका आला की दोघांच्या माना एकदम झुकायच्या. धाकटा तेव्हा अगदी लहान होता. त्यानं एकदा विचारलं, "दादा, तो ठोका कुठे गेला?"

"इथेच पडलाय खोलीत कुठेतरी," दादा म्हणाला. "बघ शोधून."

आणि ह्या शहाण्यानं खरंच खुर्च्यांखाली, रेडिओमागे, टाकीच्या भिंतीशी शोधला. दादा पोट धरधरून हसला. घरात कितीतरी वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगत.

दादा मनाचा उदार, पण पायाला भिंगरी. मधेच खालून मित्रांची शीळ यायची. मग तो गिटार खुर्चीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "तू वाजवत राहा, मी आलोच." धाकटा वाजवत राहायचा. दादाची चाल नाही, नुसत्या कॉर्ड, त्याच त्या, गचक्यासकट. रेडिओची पिवळी पट्टी उजेड धरून असायची, तापलेल्या धुळीचा वास यायचा, टाकीत बारीक धारेनं पाणी पडत राहायचं. दादा कधी लगेच यायचा, कधी ऊन उतरल्यावर. धाकट्याला त्याचं काही वाटायचं नाही. मी आलोच म्हटलंय म्हणजे येणार, एवढा साधा हिशेब. आयुष्यात पुढे बरंच काही चांगलं झालं, पण तितकं निवांत त्याला पुन्हा कधी वाटलं नाही.

मूळ गाणं त्यानं फार उशिरा ऐकलं, न्हाव्याच्या दुकानात, मानेवर वस्तरा असताना. तिसरी ओळ संपली आणि तिथे चौथा ठोका होता. नीट, जागच्या जागी. जिना संपला समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी तसं झालं त्याला. घरी येऊन त्यानं दादाला सांगितलं. दादा म्हणाला, ते चुकीचं वाजवतात.

धाकट्यानं मग गुपचूप खरं गाणं शिकून घेतलं. दादासमोर मात्र कधी वाजवलं नाही.

४

सुटीच्या दिवशी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, धाकटा स्वतःच्या घरी, खोलीत अँपला पेडल लावून बसला. बायको बाजारात गेली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गादी झोडपत होतं. असल्या वेळी कसली भीती? त्यानं कॉर्ड धरल्या आणि गाणं सुरू केलं, जुन्या सवयीनं, गचक्यासकट.

दुसऱ्या ओळीपासून वर चाल ऐकू यायला लागली.

तो थांबला. चाल त्याच्यानंतर किंचित उशिरा थांबली, कुणीतरी मान वर करून बघावं एवढ्या उशिरा. त्यानं स्वतःला समजावलं. अँप जुना आहे, घुमतो. शेजारी कुणीतरी रेडिओ लावला असेल, अँप कधीकधी रेडिओ पकडतात. आपण इतकी वर्षं चाल ऐकत कॉर्ड वाजवल्या की कान आपोआप ती भरून काढतो; गिऱ्हाइकं नाही का तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नसताना पाठ म्हणून दाखवत. हे त्याला फार पटलं. त्यानं कळ बंद करून वाजवलं. नुसत्या कॉर्ड. चालू करून वाजवलं. चाल आली, आणि मधल्या ओळीत तिनं तो लाडिक हेलकावा घेतला जो फक्त दादा घ्यायचा.

आता पाठ म्हणण्यातली गंमत अशी की माणूस चुकीचंही तितकंच ठामपणे पाठ म्हणतो. धाकट्यानं ठरवलं, गाणं खरं वाजवायचं. चौथा ठोका घालायचा. चाल माझ्याच कानात असेल तर ती माझ्याबरोबर येईल.

तिसरी ओळ संपली. एक, दोन, तीन. चौथ्यावर त्यानं कॉर्ड मारली, आणि चाल तिथे नव्हती. गाणंच नव्हतं. त्या ठोक्याच्या जागी खोलीतली शांतता ऐकू आली, पण त्याच्या खोलीतली नाही. बारीक धारेनं पाणी पडत होतं. एक खुर्ची करकरली. मग पुन्हा एक, आणि चाल, आणि गाणं पुढे चालू.

त्यानं वायर उपटली. न्हाणीघरात जाऊन नळ बघितला, स्वयंपाकघरातला बघितला. दोन्ही घट्ट बंद होते. खाली गादी झोडपणं चालूच होतं. तो पलंगावर बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाही, आपल्याला तिथे जावंसं वाटतंय. भीती त्याला ह्या गोष्टीची वाटली.

५

वहिनींनी दादाची खोली आवरून ठेवली होती. दादाला स्वच्छ सदरा घातला होता, केस विंचरले होते, पाहुणे येणार असल्यासारखे. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. धाकट्यानं अँप जमिनीवर ठेवला, पेडल लावलं आणि खुर्ची ओढून घेतली. वाजवू नये असं त्याला दारापासूनच वाटत होतं. पण वहिनींनी हात जोडल्यासारखे मुठीत धरले होते आणि दादाच्या गालांची हाडं आता दिसायला लागली होती. दोरी हातात असताना ती बुडणाऱ्याकडे टाकायची नाही, असं कोण करील?

त्यानं कॉर्ड वाजवायला सुरुवात केली. गचक्याचंच गाणं, जुनं, त्यांचं. चाल आली.

"हाच," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. "हाच ह्यांचा घसा. भाऊजी, आणि तुम्ही इतकी छान चाल कधी शिकलात?"

धाकटा चाल वाजवत नव्हता. त्याची बोटं कॉर्डवरच होती, आणि वहिनी त्या बोटांकडे बघत नव्हत्या, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणजे ती चाल त्याच्या एकट्याच्या कानात नव्हती. तो वाजवत राहिला. गचका आला, आणि दादाची मान उशीवर एवढीशी झुकली.

वहिनींनी हलकेच श्वास घेतला. पुन्हा, त्या म्हणाल्या, पुन्हा वाजवा.

त्यानं पुन्हा वाजवलं. मान पुन्हा झुकली, तेवढीच, त्याच जागी. पण त्यापुढे काही नाही. डोळे तसेच अर्धे. दादा गचक्यापर्यंत यायचा आणि तिथेच राहायचा. धाकट्याला सगळं स्वच्छ दिसलं, आणि ते इतकं वेडगळ होतं की दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्याला डोळे तपासायला बसवलं असतं. दादा कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. वस्तू जिथे हरवते तिथेच शोधायची असते.

"वहिनी," तो म्हणाला, "दादाचा हात धरून ठेवा."

त्यांनी धरला. तिसरी ओळ संपत आली. एक, दोन, तीन. चौथ्यावर त्यानं कॉर्ड मारली आणि पुढे गेलाच नाही. तारांवर बोटं दाबून धरली आणि तो ठोका वाजू दिला, जितका वाजेल तितका.

पाणी पडत होतं. रेडिओची पिवळी पट्टी पेटलेली होती. तापलेल्या धुळीचा वास आला. समोर पाठमोरं कुणीतरी बसलं होतं, कोपरावर विरलेला शर्ट, मानेवर केस वाढलेले. त्यानं मागे वळून बघितलं नाही. पायानं शेजारची रिकामी खुर्ची जराशी बाहेर सरकवली, नेहमी सरकवायचा तशी, आणि हातातली गिटार ठेवून तो उठला.

"बस," तो म्हणाला. "तू वाजवत राहा, मी आलोच."

किती आनंद झाला धाकट्याला! ते सांगायलाच हवं, कारण नंतर त्यानं कुणाला सांगितलं नाही. एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची सरकवली होती. तो बसला का? त्याला आठवत नाही. कॉर्ड विरली, आणि पलंगावरून कुणीतरी घशात अडकलेल्या आवाजात पाणी मागितलं.

६

दादा बरा झाला. डॉक्टर त्याला चमत्कार म्हणाले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून दोनदा पुसला. पहिल्या आठवड्यात तो बसायला लागला, वहिनींवर चिडायला लागला, आणि वहिनी प्रत्येक चिडण्याला हसत होत्या. घरात जीव आला. सगळं खरं होतं, सगळं डोळ्यांसमोर होतं.

फक्त पहिल्याच संध्याकाळी दादानं वहिनींना हळूच विचारलं होतं, हे गृहस्थ कोण?

"अहो, असं काय करता? हा आपला धाकटा."

दादा हसला, परक्या माणसाचं मन मोडू नये तसा. "धाकटा वर गच्चीत बसलाय," तो म्हणाला. "त्याला सांगून आलोय ना मी."

आठवण तुकड्यातुकड्यानं येते, डॉक्टर म्हणाले, धीर धरा. धाकट्यानं धीर धरला. तो रोज जायचा, दादा त्याला "या, बसा" म्हणायचा, हवापाण्याचं बोलायचा. दादाला आठवण करून द्यायला वहिनींनी धाकट्याला जुन्या गोष्टी सांगायला सांगितल्या. धाकटा सांगायला बसला आणि त्याची जीभ अडखळली. गच्चीत खोली होती हे त्याला माहीत होतं, लोकांकडून ऐकल्यासारखं माहीत होतं. पण तिच्यात काय होतं? रेडिओची पट्टी कुठल्या रंगाची होती? त्यानं गिटार मांडीवर घेतली. बोटांना एकही कॉर्ड सापडली नाही. वय झालं, तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, दमलात तुम्ही.

अँप तिथेच कोपऱ्यात होता. गिटार भिंतीला टेकवलेली असायची, आणि पेडलची कळ दाबली की त्यातून हळू आवाजात कॉर्ड ऐकू यायच्या. चाल नाही. नुसत्या कॉर्ड, जराशा खालच्या सुरात, त्याच त्या, गचक्यासकट, न कंटाळता. वहिनींना वाटायचं भाऊजींनी काहीतरी रेकॉर्ड करून ठेवलंय. दादाला ते ऐकत छान झोप लागायची. धाकट्यानं एकदा कळ बंद केली होती. मग त्याच्या मनात आलं की आता तिथे काय ऐकू येत असेल, पट्टी तरी पेटलेली राहत असेल का? त्यानं लगेच कळ परत चालू केली. त्यानंतर ती कधी बंद झाली नाही.

एक दिवस वहिनीच म्हणाल्या, भाऊजी, ह्यांचे डोळे तरी तपासा. नंबर बदलला असेल, नीट दिसतच नसेल, मग ओळखणार कसे? धाकट्याच्या जिवात जीव आला. इतकी साधी गोष्ट आपल्याला, चष्मेवाल्याला, सुचू नये! त्यानं दुकानातून भिंगांची पेटी आणली, खिडकीपाशी दादाला बसवलं, ती जड गोल चौकट त्याच्या नाकावर चढवली आणि अक्षरांच्या तक्त्याऐवजी स्वतःच समोर खुर्ची घेऊन बसला. कोपऱ्यात कॉर्ड चालू होत्या.

आधी त्यानं दादाच्या जुन्या नंबरचं भिंग घातलं. ते काढलं. मग नवं घातलं. चौकटीतून दादाचे डोळे मोठे आणि स्वच्छ दिसत होते, आणि ते सरळ त्याच्याकडे बघत होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, अगदी नीट.

"घाई नाही," धाकटा म्हणाला. "बघून सांग. आधीचं बरं की आताचं?"

कोपऱ्यात तिसरी ओळ संपली. गचका आला. दादाची मान झुकली. धाकट्याची नाही झुकली, त्याला तो कुठे येतो ते आता कळत नव्हतं. दादानं ते बघितलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं हात पुढे करून धाकट्याच्या गुडघ्यावर थोपटल्यासारखं केलं.

"आधीचा," तो म्हणाला.

भिंग आधीचं असतं; पण नंबर आधीचा म्हणतात, चष्माही आधीचाच. तसं बघितलं तर उत्तरात काही चूक नव्हती. धाकट्यानं चौकट उतरवली, भिंगं पुसली, एकेक करून पेटीत त्यांच्या त्यांच्या खाचेत ठेवली, आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही.